तुटलेला तुकडा जातो कुठे? कुत्र्याची खेळणी, च्यू आणि खाऊ निवडताना

पावसाळा लागला की इंदूरच्या घराघरांत भुट्ट्याचा कीस होतो. किसणीवर दाणे उतरले की हातात उरतो ओलसर, दुधाळ, गोडूस वासाचा दांडा, आणि ओट्यापाशी नजर लावून बसलेलं कुत्रं. ‘घे, चघळत बस’ म्हणून तो दांडा त्याच्यापुढे टाकला जातो. फुकटचा, ताजा, वर नैसर्गिक! त्यात वाईट काय असणार?

पण ऑपरेशन करून कुत्र्याच्या पोटातून ज्या वस्तू काढाव्या लागतात, त्यांत मक्याचा दांडा आणि आंब्याची कोय नेहमीच्या आहेत. कुत्र्याचा जबडा फक्त वर-खाली चालतो, आपल्यासारखा आडवा फिरत नाही. त्यामुळे त्याला घास दळून बारीक करता येत नाही. तोडायचं आणि गिळायचं, एवढंच त्याला जमतं. दांड्याचे दोन-तीन तुकडे होतात आणि घशाखाली जातात. जठर ऐसपैस असतं, तिथे तुकडा मावतो. पुढचं लहान आतडं मात्र अरुंद, आणि दांड्याचा चोथा काही पोटातल्या आम्लाने विरघळत नाही. कधी तो त्याच रात्री अडकतो, कधी जठरात दिवसचे दिवस पडून राहतो आणि मग पुढे सरकून वाट बंद करतो. तोवर भुट्ट्याची आठवणही कोणाला राहिलेली नसते. शिवाय एक्स-रेमध्ये हाड किंवा नाणं जसं ठळक दिसतं तसा दांडा, कापड किंवा प्लॅस्टिक दिसत नाही, म्हणून निदानालाही उशीर होतो.

खेळणं किंवा च्यू, म्हणजे चघळायला द्यायची वस्तू, विकत घ्यायची असो की घरातलं काही द्यायचं असो, ‘कंपनी चांगली आहे का’ आणि ‘नैसर्गिक आहे का’ हे प्रश्न नंतरचे. आधी एवढंच विचारायचं: याचा तुकडा पडला तर तो कुठे जाईल? आणि तुकडा पडतच नसेल, इतकं ते टणक असेल, तर मग दाताचं काय होईल? चावताना दोघांपैकी एक झिजणारच.

दात तुटतो तेव्हा

मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, आपल्यापेक्षा १० जास्त. जबड्यात जोरही भरपूर. यावरून आपण समजतो की त्याचे दात लोखंडी आहेत. प्रत्यक्षात दातावरचं इनॅमलचं कवच कुत्र्यात एक मिलिमीटरही जाड नसतं. माणसाच्या दाढेवर ते दोन मिलिमीटरच्या पुढे जातं. म्हणजे ताकद जास्त आणि कवच पातळ, अशी गाठ आहे.

सगळ्यात जास्त मार खाते ती वरच्या जबड्यातली मोठी दाढ, डोळ्याच्या बरोबर खाली असते ती. टणक वस्तू कुत्रं तोंडाच्या कडेला नेऊन ह्याच दाढेखाली धरतं. वस्तू दबली नाही तर दाढेचा बाहेरच्या बाजूचा पापुद्रा उभा निघून येतो आणि आतली नस उघडी पडते. आपण असतो तर रात्रभर कळवळलो असतो. कुत्रं शेपूट हलवत जेवायला येतं. फरक बारीक असतो: एकाच बाजूने चावणं, घास तोंडातून खाली पडणं, आवडतं खेळणं अचानक नकोसं होणं. पुढे मुळाशी पू झाला की डोळ्याखाली सूज येते आणि घरचे म्हणतात, ‘काहीतरी चावलं वाटतं’. डोळ्याखाली अशी सूज दिसली तर डॉक्टरांना तोंड उघडून दाढ बघायला सांगा.

टणकपणा ओळखायला प्राण्यांचे दंतवैद्य दोन सोप्या परीक्षा सांगतात. वस्तूवर अंगठ्याचं नख दाबून बघा, थोडी तरी खूण उमटली पाहिजे. किंवा ती वस्तू स्वतःच्या गुडघ्याच्या वाटीवर हलकेच मारून बघा. ‘आई गं’ निघालं तर ती कुत्र्यासाठी नाही. दुकानात उभं राहून गुडघ्यावर खेळणी आपटणारा माणूस विचित्र दिसतो खरा. दिसू द्या.

ह्या परीक्षेत नापास होणाऱ्या वस्तूंची यादी दुकानातल्या सगळ्यात महाग कप्प्यात सापडते. म्हशीची शिंगं, खूर, कडक नायलॉनची हाडं, आणि याक च्यू नावाने मिळणारे छुरपीचे तुकडे. छुरपी म्हणजे हिमालयातलं, दूध फाडून, दाबून, कित्येक दिवस सुकवून केलेलं चीज. त्यात भेसळ नसली तर खायला काही वाईट नाही, पण ते दगडासारखं होतं. सावकाश चघळत बसणाऱ्या कुत्र्याला चालून जातं. कडाकडा तोडणाऱ्याला देऊ नये. चघळून चघळून गिळण्याजोगा तुकडा उरला की तो काढून घ्यावा. बरेच जण तो पाण्यात भिजवून मायक्रोवेव्हमध्ये फुगवतात, मग तो कुरकुरीत होतो. चालेल, फक्त आतपर्यंत पूर्ण गार झाल्याशिवाय पुढे टाकू नये.

हरणाच्या शिंगांचे च्यू परदेशी संकेतस्थळांवर फार दिसतात. आपल्याकडे त्यांचा विचारही नको. दातांचा प्रश्न आहेच, पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार चितळ-सांबराच्या शिंगांचा व्यापार गुन्हा आहे, मग शिंग जंगलात आपोआप गळून पडलेलं का असेना.

हाडांबद्दल तर प्रत्येकाचं मत पक्कं असतं. कुत्रा म्हटलं की हाड, हे चित्र आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलंय. शिजवलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात. त्या घसा, जठर, आतडं कुठेही टोचू शकतात. बिर्याणीतलं कोंबडीचं हाड असो की पाकिटात भाजून विकलेलं, नियम तोच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०१७ मध्ये अशा पाकिटबंद हाडांबद्दल इशारा दिला तेव्हा त्यांच्याकडे सुमारे ६८ तक्रारी आल्या होत्या आणि १५ कुत्री दगावल्याची नोंद होती. कच्च्या हाडाच्या चिरफळ्या कमी होतात, पण दात त्यानेही तुटतो आणि साल्मोनेलासारखे जंतू घरभर फिरतात. माझ्या मते मांसाहारी घरातही हाडाचा हट्ट सोडून द्यावा.

वस्तू तुटते तेव्हा

आता दुसरं टोक: मऊ खेळणी, दोरखंड, चेंडू.

कॉंग नावाचं लाल, पोकळ, फुगीर रबरी खेळणं अनेकांनी पाहिलं असेल. त्याची जन्मकथा ह्या सगळ्या प्रकरणात चपखल बसते. १९७०च्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावायचा आणि दात झिजवायचा. फोक्सवॅगन गाडीखाली काम करताना मार्कहॅमनी काढून टाकलेला एक रबरी भाग फ्रिट्झने पळवला आणि तो त्याला दगडापेक्षा आवडला. तिथून हे खेळणं सुचलं. दाबलं तर दबणारं आणि सोडलं तर जागेवर येणारं रबर! दातही वाचतो आणि तुकडाही सहज पडत नाही. तुम्ही कुठल्याही कंपनीचं घ्या, पण हा गुण शोधा. पिल्लांसाठी मऊ रबर मिळतं, दांडगट चावणाऱ्यांसाठी बहुधा काळं, जास्त चिवट रबर. मात्र अजिंक्य खेळणं असं काही नसतं. पाकिटावर तसं लिहिलेलं असलं तरी ते लिहिणाऱ्याने तुमचा लॅब्रेडॉर पाहिलेला नसतो.

अशा पोकळ खेळण्याला आरपार दोन भोकं आहेत ना, हे बघून घ्या. एकच भोक असलेल्या चेंडूत कुत्रं आतला खाऊ चाटायला जीभ घालतं, आत हवेची पोकळी तयार होते आणि जीभ ओढली जाऊन अडकते. ती सुजते, मग चेंडू निघत नाही, आणि रक्तपुरवठा तुटला तर जीभ कापावी लागते. दुसऱ्या छोट्या भोकातून हवा आत येते, एवढाच फरक, पण फार मोठा. दुकानात दोन मिनिटांत तपासता येतं.

चेंडूचं माप हा दुसरा मुद्दा. तोंड मिटल्यावर चेंडू सुळ्यांच्या मागे आत मावत असेल तर तो लहान आहे. घरात एक पग आणि एक लॅब असेल तर चेंडू लॅबच्या मापाचा घ्यायचा, कारण पगचा चेंडू लॅब एका घासात घशात घालेल. टेनिसचा चेंडू फेकून आणायला ठीक; बसून चावायला नको. त्याच्या लोकरीत माती आणि वाळू अडकते आणि ती दातांवर पॉलिश पेपरासारखी काम करते. शिवाय मोठ्या कुत्र्याने जोर लावला तर तो दुभंगतो.

दोरखंडाची खेळणी दिसायला सगळ्यात गरीब, पण मला त्यांचीच सर्वात जास्त धास्ती वाटते. दोघांनी ओढाताण खेळायची आणि खेळ संपला की दोर वर ठेवून द्यायचा, इथपर्यंत ठीक. पण कुत्रं एकटं बसून दोर कुरतडायला लागलं की धागे पोटात जातात. लांब धाग्याचं एक टोक वरच अडकतं आणि उरलेला पुढे आतड्यात जातो. आतडं त्याला पुढे ढकलायचा प्रयत्न करतं, धागा हलत नाही, मग आतडंच त्यावर चुण्या पडत गोळा होतं आणि ताणलेला धागा आतून कापत जातो. साडीचा काठ, मोजे, मांजा, सगळ्यांचं हेच.

कापडी बाहुल्या फाडणाऱ्या कुत्र्याला द्यायच्या तर आतली पिपाणी आणि कापूस पोटात जाणार हे गृहीत धरा. काही कुत्री मात्र वर्षानुवर्षं एकच बाहुली तोंडात धरून झोपतात. म्हणून खेळणं निवडण्याआधी कुत्र्याचा स्वभाव बघावा: हा चघळणारा आहे, फाडणारा आहे की ‘आधी गिळू, मग बघू’ म्हणणारा? नवीन वस्तू दिली की पहिली पंधरा-वीस मिनिटं समोर बसून बघा, लगेच कळतं. कुठलंही खेळणं चिरलं, चिकट झालं किंवा त्याचा कोपरा नाहीसा झाला की ते कचऱ्यात टाका, आणि ओला-सुका बघून टाका, इंदुरात हे वेगळं सांगायला नको.

प्लॅस्टिकबद्दल एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची आहे. त्यात प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या थॅलेटसारख्या रसायनांवर आणि शिशासारख्या धातूंवर मर्यादा आहेत. पण ही सक्ती मुलांच्या खेळण्यांना आहे. कुत्र्याचं खेळणं त्या व्याख्येत येत नाही, त्यामुळे त्यावरचं ‘नॉन-टॉक्सिक’ हे बहुतेक वेळा कंपनीचं स्वतःचं म्हणणं असतं. उग्र वास येणारी, हाताला तेलकट लागणारी, रंग सोडणारी वस्तू परत करा. मग मुलांचंच खेळणं द्यावं का? नको. ते मुलांच्या हातांसाठी केलेलं असतं, ४२ दातांसाठी नाही; मिनिटभरात त्याचे तुकडे होतात. आणि रंगाचं म्हणाल, तर कुत्र्याला मुख्यतः निळा आणि पिवळा नीट दिसतो. हिरवळीवर पडलेला लाल चेंडू त्याला रंगावरून सहज वेगळा ओळखू येत नाही.

चामड्याची हाडं

दोन्ही टोकांना गाठ मारलेली पांढरी हाडं प्रत्येक दुकानात लोंबत असतात. ती हाडं नसून चामडं असतं, रॉहाइड. जनावराच्या कातडीचा बाहेरचा थर चामड्याच्या वस्तूंसाठी जातो, आतल्या थराचं हे होतं: चुन्याने केस काढून, धुऊन, बऱ्याचदा ब्लीच करून, वळून सुकवलेलं. वजनावर मिळणाऱ्या रंगीत मंची स्टिकही बहुधा ह्याच चामड्याच्या भुग्याच्या असतात. चघळून ते लिबलिबीत होतं, मग कुत्रं मोठा पापुद्रा ओढून गिळतं आणि तो पोटात आणखी फुगतो. काही कुत्र्यांना पचतं, काहींच्या घशात अडकतं. मी आणत नाही. तुम्ही आणणार असाल तर कुत्र्याच्या मापापेक्षा मोठं आणा, समोर बसून चावू द्या आणि लहान झालं की काढून घ्या.

डुकराचे सुकवलेले कान हा असाच प्रकार. २०१९ मध्ये अमेरिकेत ह्या कानांमुळे साल्मोनेलाची साथ पसरली आणि ३४ राज्यांत १५४ माणसं आजारी पडली. माणसं, कुत्री नव्हे. सुकवलेला मांसाहारी च्यू हाताळला की साबणाने हात धुवायचे, ते आपल्यासाठी.

पाकिटातलं आणि ताटातलं

पाकिटातल्या खाऊबद्दल सगळ्यात मोठा धडा सुक्या मांसाच्या पट्ट्यांनी दिला. २००७ पासून एफडीएकडे अशा पट्ट्यांच्या, मुख्यतः चीनमधून आलेल्या, तक्रारी येऊ लागल्या. २०१५ संपेपर्यंत त्या सुमारे ५,२०० झाल्या. त्यांत ६,२०० हून जास्त कुत्री आजारी आणि १,१४० पेक्षा अधिक दगावलेली. पोट बिघडणं आणि मूत्रपिंडाचा एक विशिष्ट आजार दिसत होता, पण इतक्या तपासण्यांनंतरही नेमका दोषी घटक हाती लागला नाही. त्यामुळे घटकांची यादी छोटी आणि कळेल अशी असेल, कुठे तयार झालं आणि बॅच क्रमांक काय हे छापलेलं असेल, तेच पाकीट घ्यावं. सुटं, वजनावर, बिनलेबलाचं नको. दात साफ करणाऱ्या च्यूंवर व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल या प्राण्यांच्या दातांविषयीच्या संस्थेची खूण असेल, तर कीटण किंवा दातांवरचा थर कमी होतो हे चाचणीत दाखवलेलं असतं. नुसतं ‘डेंटल’ लिहिणं कोणालाही जमतं.

किती द्यावं? दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत. नसबंदी झालेल्या १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी लागतात, म्हणजे खाऊचा वाटा ६०च्या आसपास. एक मध्यम पोळी १००ची. ‘अर्धीच पोळी दिली’ असं घरातली चार माणसं वेगवेगळं म्हणतात आणि दोन पोळ्या होतात.

घरच्या पदार्थांत जास्त सावध राहायचं ते कांदा-लसूण आणि द्राक्षांपासून. कांद्या-लसणामुळे कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांद्याने रक्तात बिघाड दिसतो, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅमपासून. पोह्यांचा एखादा घास घातक नाही, पण रोज सकाळी कांदा-शेव घातलेले पोहे किंवा लसूण शेव वाटून खाणं बरं नव्हे, आणि कांद्या-लसणाच्या वाळवलेल्या पुडीत तर त्यांचा अर्क जास्तच असतो.

द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी मूत्रपिंड बंद पडू शकतं आणि कोणत्या कुत्र्याला किती मात्रेत, हे आधी सांगता येत नाही. अलीकडे संशय टार्टारिक आम्लावर आहे, कारण चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तसाच त्रास आढळला. म्हणजे गणपतीतलं पंचखाद्य, बेदाणे घातलेला शिरा, चिंचेची चटणी, तिन्ही बंद. प्रसाद म्हणून द्यायचाच तर खोबऱ्याचा छोटा तुकडा द्या, बाप्पा रागावणार नाही.

आणि झायलिटॉल. साखरविरहित च्युइंगम, टूथपेस्ट, काही पीनट बटर यांत ही गोडी असते. माणसाला निरुपद्रवी, कुत्र्यात मात्र इन्सुलिन एकदम उसळतं आणि अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते. किलोमागे ०.१ ग्रॅम पुरे. दहा किलोच्या कुत्र्यासाठी एक ग्रॅम, म्हणजे च्युइंगमच्या एक-दोन-तीन गोळ्या. लेबलवर नाव नसलं तर ९६७ हा आकडा शोधा, तोच तो. चॉकलेट सगळ्यांना माहीत आहेच; जितकं काळं तितकं वाईट.

मग द्यायचं काय? कच्चं गाजर, काकडी, उकडलेलं रताळं, बिनबियांचं सफरचंद, बिनमिठाचं पनीर. दूध सगळ्यांना पचत नाही, दही बहुतेकांना चालतं. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो तेव्हा पोकळ रबरी खेळण्यात दही आणि कुस्करलेलं रताळं भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. दुपारचा तास-दीड तास निघतो. पिल्लाचे २८ दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांत सगळे बदलतात. तेव्हा हिरड्या ठणकतात आणि सोफ्याचा पाय कुरतडला जातो. त्याला गार केलेलं जाड गाजर समोर बसून द्यावं. टणक काही अजिबात नको, नवे दात अजून कोवळे असतात.

गिळलंच तर

मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका; मिठाचीच विषबाधा होते. टोकदार वस्तू उलटीतून वर येताना आणखी जखम करते. तोंडातून किंवा शेपटीखालून धागा लोंबत असेल तर ओढू नका. चेंडू घशात अडकून श्वासच बंद झाला असेल तर बाहेरून, जबड्याखालच्या बाजूने, चेंडूच्या मागे दोन्ही अंगठे टेकवून तो तोंडाकडे ढकलतात, आणि लगेच दवाखाना. पुन्हा पुन्हा उलटी, जेवण नको, शी होत नाही, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर करून बसणं, ही आतडं अडल्याची लक्षणं. यात ‘सकाळी बघू’ नाही.

रात्री आणि रविवारी आपल्या भागात कोणता दवाखाना उघडा असतो, ते आजच विचारून फोनमध्ये टाका. शहराजवळ, साधारण २५ किलोमीटरवर, महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या वेळाही आधीच विचारून ठेवा. निघताना पाकीट, उरलेलं खेळणं किंवा भुट्ट्याचं उरलेलं टोक पिशवीत घाला, आणि किती वाजता गिळलं आणि कुत्र्याचं वजन किती, हे लिहून घ्या. डॉक्टर आधी तेच विचारतात.